थायरॉइडमुळे नखं आणि त्वचा बिघडते तेव्हा: काय पाहायचं, काय तपासायचं, काय लावायचं

नखं तुटायला लागली, टाचा फुटल्या, कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले की घरात कुणीतरी म्हणतं, "एकदा थायरॉइड बघून घे." त्याच आठवड्यात कुणीतरी मेडिकलमधून बायोटिनच्या गोळ्याही आणून देतं. पहिला सल्ला योग्य आहे. दुसऱ्यामुळे पहिल्याचा घोळ होतो, कारण बायोटिन चालू असताना केलेली थायरॉइडची तपासणी चुकीची येऊ शकते. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नीट पाहायचं, मग रक्त तपासायचं, मग उपचार. वरून लावायच्या गोष्टी या सगळ्याच्या जोडीला, त्याऐवजी नाही.

त्वचेपर्यंत परिणाम कसा पोहोचतो

गळ्यात पुढच्या बाजूला असलेली थायरॉइड ग्रंथी टी४ आणि टी३ ही संप्रेरकं तयार करते. शरीरातल्या पेशींचा कामाचा वेग त्यांच्यावर ठरतो. त्वचा, केसांची मुळं आणि नखांची मुळं इथे पेशी सतत नव्याने तयार होत असतात, त्यामुळे वेग बदलला की तिथे तो डोळ्यांना दिसतो.

संप्रेरक कमी पडलं (हायपोथायरॉइड) की घाम आणि त्वचेतलं तेल कमी होतं, कातडीकडे जाणारा रक्तपुरवठा घटतो, नख सावकाश वाढतं. शिवाय त्वचेच्या आतल्या थरात हायलुरॉनिक आम्लासारखे पाणी धरून ठेवणारे पदार्थ साठतात. सकाळी फुगलेल्या पापण्या, जाडसर ओठ, सुजलेला चेहरा हे त्यामुळे होतं. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी या अवस्थेला 'मिक्सिडीमा' हे नाव दिलं. संप्रेरक जास्त झालं (हायपरथायरॉइड) की नेमकं उलटं घडतं: त्वचा गरम, ओलसर, मऊ, घाम भरपूर, केस बारीक आणि मऊ, नख भराभर वाढणारं पण नरम.

हायपोथायरॉइडचं नेहमीचं कारण हाशिमोटो हा आजार आहे. हाकारू हाशिमोटो यांनी तो १९१२ मध्ये मांडला. हायपरचं नेहमीचं कारण ग्रेव्ह्ज. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटते. म्हणूनच कोड, चाई पडणं, महिनोन् महिने अंगावर पित्त उठणं अशा प्रतिकारशक्तीशी जोडलेल्या तक्रारी थायरॉइडच्या रुग्णांत जास्त आढळतात. त्या थायरॉइडच्या गोळीने आपोआप बऱ्या होतीलच असं नाही. त्यांचा उपचार वेगळा करावा लागतो.

पायरी १: नखं उजेडात पाहा

नेलपॉलिश पूर्ण काढा. एक दिवस हळद, मेंदी, केसांचा रंग टाळा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, दहाही बोटं पाहा, मग पायांची.

हायपोमध्ये नख कोरडं, ठिसूळ असतं, टोकाला पापुद्रे सुटतात, कधी जाड आणि खरखरीत होतं. उभ्या रेघा दिसतात. मात्र उभ्या बारीक रेघा वयाबरोबर सगळ्यांनाच येतात, नुसत्या त्यांच्यावरून काही ठरवू नका.

हायपरमध्ये पाहायची खूण वेगळी आहे. नख पुढच्या टोकाकडून खालच्या मांसापासून सुटतं, सुटलेला भाग पांढुरका किंवा पिवळट दिसतो आणि गुलाबी भागाशी त्याची सीमा सरळ न राहता वेडीवाकडी होते. फटीत मळ अडकतो, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की नखं नीट धुतली जात नाहीत. सुरुवात बहुधा अनामिका किंवा करंगळीपासून होते. अशा नखांना प्लमर नेल्स म्हणतात.

वाढीचा वेग घरी मोजता येतो. एका अंगठ्याला आणि एका अनामिकेला नखाच्या अगदी मुळापर्यंत पॉलिश लावा आणि ३० दिवसांनी कातडीपासून पॉलिशच्या कडेपर्यंतची मोकळी जागा मिलिमीटरच्या पट्टीने मोजा. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी. या आकड्यावरून निदान होत नाही, पण पुढे उपचार सुरू झाल्यावर तुलनेला तो फार कामाला येतो. पट्टीसकट फोटो काढून ठेवा.

आणखी एक तपासणी: दोन्ही हातांच्या तर्जनींची नखं पाठीला पाठ लावून धरा. निरोगी बोटांत नखांच्या मुळांपाशी शंकरपाळ्याच्या आकाराची छोटी फट दिसते. लिओ शॅमरॉथ या दक्षिण आफ्रिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग झालेला असताना ही फट स्वतःच्याच बोटांवर नाहीशी होताना पाहिली आणि १९७६ मध्ये ते प्रसिद्ध केलं. फट नसेल आणि बोटांची टोकं फुगीर असतील तर ते ग्रेव्ह्जमध्ये क्वचित होतं, आणि तेव्हा सहसा डोळ्यांची व नडगीची लक्षणंही असतात. फुगीर टोकं जास्त वेळा फुफ्फुस किंवा हृदयाच्या आजाराकडे बोट दाखवतात. त्यामुळे हे दिसलं तर थायरॉइडच्या रिपोर्टवर न थांबता छातीचीही तपासणी हवी.

पायरी २: त्वचा पाहा, आणि हात लावून पाहा

थायरॉइडच्या खुणांची वर्णनं बऱ्याचदा गोऱ्या त्वचेवरून लिहिलेली असतात: गाल लाल, तळवे लाल, त्वचा पांढुरकी. गव्हाळ आणि सावळ्या रंगावर हे सहज कळत नाही. त्यापेक्षा या जागा पाहा.

तळहात: घाम, ऊब की कोरडेपणा? हात पुढे पसरून बोटांवर एक कागद ठेवला तर तो थरथरतो का? गरम, ओलसर, थरथरणारे हात हायपरकडे नेतात. थंड, कोरडे, खरबरीत हात हायपोकडे.

खालची पापणी आणि तळहाताच्या रेषा: फिकटपणा इथे दिसतो. हायपोमध्ये मासिक पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह कमी होतं आणि मग नखं-केसांचं दुखणं दुहेरी होतं.

भुवयांचं बाहेरचं टोक: कानाकडचा एक तृतीयांश भाग विरळ झाला असेल तर ती हायपोची जुनी, नोंदलेली खूण आहे. पण वर्षानुवर्षं थ्रेडिंग केल्याने आणि वयानेही तो भाग विरळ होतो.

तळवे पिवळे दिसणं: हायपोमध्ये गाजर, पपई, लाल भोपळा, आंबा यांतल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्वात रूपांतर मंदावतं आणि तो रंग तळहात, तळपाय आणि नाकाच्या बाजूच्या घडीत साठतो. डोळ्यांचा पांढरा भाग मात्र पांढराच राहतो. तोही पिवळा असेल तर ती कावीळ समजून लगेच दाखवा. स्वयंपाकातल्या हळदीचा पिवळेपणा बोटांच्या टोकांना आणि नखांना असतो, तळपायांना नाही.

सूज: नडगीच्या हाडावर अंगठ्याने १० सेकंद घट्ट दाबा. खड्डा पडून राहिला तर हृदय, मूत्रपिंड, यकृत किंवा शिरांचा विचार आधी करावा लागतो. सूज आहे पण खड्डा राहत नाही, अशी सूज मिक्सिडीमात असते.

नडगीवर जाड, मेणचट, तांबूस-तपकिरी चट्टा आणि त्यावरची छिद्रं संत्र्याच्या सालीसारखी उठून दिसत असतील तर ती ग्रेव्ह्जची खास खूण आहे. ती फार थोड्या रुग्णांत दिसते, आणि गोळ्यांनी किंवा शस्त्रक्रियेने थायरॉइड आटोक्यात आल्यावरही उमटू शकते. यावर त्वचारोगतज्ज्ञ तीव्र स्टेरॉइड मलम वरून झाकून लावायला सांगतात, कधी दाब देणारे मोजे देतात. तंबाखू ओढणं बंद करणं हा त्या उपचाराचाच भाग आहे, कारण धूम्रपानाने ग्रेव्ह्जमधलं डोळ्यांचं आणि त्वचेचं दुखणं वाढतं.

थायरॉइडवर ढकलू नयेत अशा गोष्टी

मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टा: हे बहुतेक वेळा इन्सुलिन नीट काम करत नसल्याचं लक्षण असतं. साखर आणि वजन तपासा. नख मधे खोल, चमच्यासारखं: लोह. नखांवर आडवी खाच, सगळ्या बोटांवर एकाच उंचीला: दोन-तीन महिन्यांपूर्वीचा डेंग्यू, टायफॉइड किंवा तसा मोठा आजार. नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे: सोरायसिस किंवा चाई. एक-दोनच नखं जाड, पिवळी, भुसभुशीत: बुरशी. पांढरे ठिपके: बहुधा किरकोळ मार. कॅल्शियमशी त्यांचा संबंध लावायची सवय आहे, पण ती चुकीची आहे.

एकाच नखात नवी, काळी किंवा तपकिरी उभी पट्टी आली आणि रुंद होत चालली, तर वेळ न घालवता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. सावळ्या लोकांत अनेक नखांवर अशा पट्ट्या निरुपद्रवी असतात, पण एकाच बोटावरची वाढती पट्टी कर्करोगाची असू शकते.

पायरी ३: रक्ततपासणी, आणि बायोटिनची अडचण

सुरुवात टीएसएच आणि फ्री टी४ (रक्तात मोकळं असलेलं टी४) पासून. टीएसएच मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीतून येतं आणि थायरॉइडला काम करायला सांगतं. थायरॉइड कमी पडली की ते वाढतं, जास्त झाली की दबतं. प्रौढांसाठी बहुतेक लॅबची मर्यादा ०.४ ते ४ च्या आसपास असते, गरोदरपणात वेगळी. टीएसएच वर गेलेलं असेल तर अँटी-टीपीओ (हाशिमोटोत सापडणाऱ्या अँटीबॉडीज), खाली असेल तर टी३ आणि ग्रेव्ह्जच्या अँटीबॉडीज पुढे पाहिल्या जातात. तक्रार नखांची किंवा केसांची असेल तर त्याच वेळी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) सांगा. सुया दोनदा टोचून घ्यायची गरज नाही.

आता बायोटिन. माणसाची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे आणि ती अंडी, शेंगदाणे, डाळींतून सहज भागते. 'हेअर अँड नेल'च्या गोळीत ५ किंवा १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम. अनेक लॅबमधल्या चाचण्यांची रसायनंच बायोटिन वापरून बनवलेली असतात. रक्तात ते जादा असलं की टीएसएच खोटं कमी आणि टी४, टी३ खोटी जास्त दिसतात. निरोगी बाईच्या हातात हायपरचा रिपोर्ट येतो, आणि जिची थायरॉइड खरोखर मंद आहे तिचा टीएसएच 'नॉर्मल' दिसतो. म्हणून तपासणीच्या किमान २ दिवस आधी बायोटिन बंद ठेवा आणि डोस मोठा असेल तर किती दिवस थांबायचं ते लॅबला विचारा. मल्टीव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, केसांच्या गमीज यांची लेबलंही वाचा. त्यांत ते 'व्हिटॅमिन बी७' या नावाने असतं.

थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल तर रक्त सकाळी गोळी घेण्याआधी द्या. गोळी घेतल्यावर काही तास फ्री टी४ चढलेलं दिसतं.

पायरी ४: गोळी नीट लागू पडू द्या

नखं-त्वचेसाठी सगळ्यात मोठा उपचार हाच. थायरॉक्सिन, म्हणजे हायपोसाठी दिली जाणारी टी४ची गोळी, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, चहा-कॉफी आणि नाश्त्याच्या ३० ते ६० मिनिटं आधी. सकाळी जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर किमान ३ तासांनी. वेळ कुठलीही निवडा, रोज तीच ठेवा.

इथे नेहमी होणारी चूक अशी: नखं ठिसूळ म्हणून डॉक्टर कॅल्शियम आणि लोह लिहून देतात आणि ती गोळी थायरॉक्सिनबरोबरच गिळली जाते. कॅल्शियम आणि लोह थायरॉक्सिनला आतड्यातच धरून ठेवतात, ते रक्तात जात नाही, टीएसएच वाढतं, आणि डोस उगाच वाढवला जातो. त्यांत ४ तासांचं अंतर ठेवा. पित्तासाठीच्या गोळ्या आणि सोयाबीनचे पदार्थ यांचाही शोषणावर परिणाम होतो, डॉक्टरांना सांगून ठेवा.

डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. त्याआधी केलेल्या तपासणीला अर्थ नाही. केस गळतात म्हणून स्वतःच्या मनाने डोस वाढवू नका. जादा डोसने केस आणखी पातळ होतात, हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं झिजतात. 'थायरॉइडसाठी' मिळणाऱ्या समुद्री शेवाळाच्या आयोडीन गोळ्याही नकोत. जेवणात आयोडीनयुक्त मीठ असेल तर तेवढं पुरतं. जादा आयोडीनने हाशिमोटो आणि ग्रेव्ह्ज दोन्ही बिघडू शकतात.

हायपरसाठी कार्बिमाझोल चालू असेल तर पहिल्या काही महिन्यांत विशेष लक्ष ठेवा. हलकी खाज किंवा पुरळ येऊ शकते, ती डॉक्टरांना कळवा. पण ताप, घसा दुखणं, तोंडात फोड असं काही झालं तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला आणि सीबीसी करा. क्वचित या औषधाने पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या कमी होतात.

पायरी ५: कोरड्या त्वचेची रोजची निगा

हायपोमध्ये थंडी जास्त वाजते, म्हणून माणूस कडक पाण्याने, बराच वेळ आंघोळ करतो. आधीच कमी असलेलं तेल त्या पाण्याबरोबर निघून जातं आणि खाज वाढते. पाणी कोमट हवं, वेळ ५ ते १० मिनिटं. साबण फक्त काख, जांघा आणि पायांना. बेसन आणि उटणं दिवाळीपुरतं ठीक, रोज लावलं तर कोरडेपणा वाढतो.

टॉवेलने घासू नका, टिपा. अंग किंचित ओलं असतानाच, २-३ मिनिटांच्या आत क्रीम लावा. खोबरेल तेल आवडत असेल तर तेही याच वेळी, ओलसर अंगावर लावलं तर जास्त उपयोगी पडतं. हात-पाय आणि अंगासाठी १०% युरिया असलेलं क्रीम चांगलं. चेहऱ्याला साधं, वास नसलेलं मॉइश्चरायझर. प्रमाणासाठी अंदाज: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढी क्रीमची पट्टी म्हणजे अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. एका पावलाला अशा २ पट्ट्या. लोक याच्या निम्मंही लावत नाहीत आणि क्रीम निकामी ठरवतात.

टाचांच्या भेगांना रात्री १० मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, पुसा, २० ते २५% युरिया लावा आणि सुती मोजे घाला. भेगेतून रक्त येत असेल तर युरिया झोंबतो. मग आधी काही रात्री फक्त पेट्रोलियम जेली, भेग मिटल्यावर युरिया. घरात अनवाणी चालणं आणि मागून उघड्या चपला, दोन्हींमुळे टाचेची कड पसरते आणि भेग पुन्हा उघडते. मधुमेह असेल तर टाचा दगडाने किंवा पत्तीने घासू नका.

हायपरमध्ये अडचण कोरडेपणाची नसून घामाची असते. जांघेत, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्यात ओल राहून बुरशी येते. सैल सुती कपडे घाला, घडी पूर्ण कोरडी करा. आणि मेडिकलमधून 'खाजेचं मलम' परस्पर आणू नका. त्यांतल्या अनेकांत तीव्र स्टेरॉइड असतं. नायटा दोन दिवस दबतो आणि मग दुप्पट पसरतो.

पायरी ६: नखांची निगा

नखं आखूड ठेवा, आंघोळीनंतर मऊ असताना कापा. कानस एकाच दिशेने फिरवा, मागे-पुढे घासल्याने पापुद्रे सुटतात. भांडी आणि कपडे धुताना आतून सुती अस्तर असलेले हातमोजे वापरा, किंवा आधी पातळ सुती मोजा आणि वरून रबरी. नख पाण्यात फुगतं, सुकताना आकसतं, आणि ठिसूळ नख त्यातच सोलवटतं. रात्री प्रत्येक नखावर आणि मुळाशी जाड क्रीम किंवा पेट्रोलियम जेली चोळा. मुळाशी असलेली पातळ कातडी पार्लरमध्ये कापू देऊ नका. तिच्यामुळे पाणी आणि जंतू आत जात नाहीत. ॲसिटोनचं रिमूव्हर, जेल पॉलिश आणि चिकटवायची नखं काही महिने बाजूला ठेवा.

सुटलेल्या नखाखालचा मळ पिनेने किंवा टूथपिकने कोरून काढायचा मोह होतो. त्यानेच फट आत सरकते. सुटलेला भाग जमेल तितका कापून टाका, हात धुतल्यावर तो टिपून कोरडा करा. फट हिरवट दिसू लागली किंवा दुखू लागली तर जंतुसंसर्ग झाला आहे, दाखवा.

फरक कधी दिसतो

कातडीचा कोरडेपणा आणि चेहऱ्याची सूज संप्रेरक योग्य पातळीला येऊ लागल्यावर काही आठवड्यांत कमी होते. केस गळणं थांबायला बरेच महिने लागतात. हाताचं नख पूर्ण बदलायला सुमारे ६ महिने, पायाच्या अंगठ्याचं १२ ते १८ महिने. आधी तयार झालेलं खराब नख कुठल्याही गोळीने सुधारत नाही, ते पुढे सरकून कापलं जाईपर्यंत तसंच राहतं. म्हणून टोकाकडे पाहून निराश होऊ नका. मुळाकडून येणारा पहिला ३-४ मिलिमीटरचा पट्टा पाहा. तो गुळगुळीत आणि चिकटलेला असेल तर उपचार लागू पडतो आहे. दर महिन्याला त्याच खिडकीपाशी, त्याच बोटांचा, पट्टीसकट फोटो घ्या. टीएसएच सहा महिने योग्य असूनही मुळाकडचं नवं नख खराबच येत असेल तर कारण दुसरं आहे: लोह, बुरशी, सोरायसिस, किंवा हाताला लागणारं रोजचं रसायन.

थांबू नये अशा वेळा

हायपोच्या रुग्णाला गुंगी येणं, अंग थंडगार पडणं, बोलणं असंबद्ध होणं. हायपरच्या रुग्णाला जोराचा ताप, खूप धडधड, बेचैनी. अंगावर पित्त उठून ओठ-जीभ सुजणं किंवा श्वास अडकणं. या तिन्ही वेळी सरळ इस्पितळाच्या तातडीच्या विभागात जा. बाकी वेळी डॉक्टरांकडे जाताना नखांना पॉलिश लावू नका, आणि फोटो, जुने रिपोर्ट व घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. त्यांत जीवनसत्त्वांचीही आली.